सात नंबरची डबी

१५ ऑक्टोबर २००७, सोमवार

प्रयोगवहीत मत लिहायची सोय नसते. तारीख, तापमान, किती मिली, काय झालं, सही. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. पारेखसाहेबांचा हा पहिला नियम आणि तो मला मान्य आहे. पण माणसाला मतंही असतात, आणि मला जरा जास्तच असतात असं माझ्या नवऱ्याचं, रणवीरचं म्हणणं. म्हणून ही दुसरी वही. सवड मिळेल तेव्हा लिहीन आणि कपाटात कुलपात ठेवीन.

बडोद्याच्या मकरपुऱ्यात दोन खोल्यांचा गाळा, त्यात आमची कंपनी. कंपनी म्हणजे पारेखसाहेब आणि मी. त्यांनी मोठ्या औषध कंपनीतली खुर्ची सोडली, मी कॉलेजातलं शिकवणं सोडलं. सासूबाईंनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, की तिथे दुपारी पंखा आहे ना.

काम असं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर कळतो तेव्हा बहुतेकांना उशीर झालेला असतो. सुरुवातीला दुखत नाही, आणि काही वाटलंच तर आपल्याकडे माणूस मूळव्याध समजून इसबगोल घेत बसतो. पण आतड्याच्या अस्तराच्या पेशी रोज गळून शौचातून बाहेर पडतात, आणि रोगट पेशींच्या अंगावर एक प्रथिन जास्त असतं. आम्ही सोन्याचे कण करतो, इतके बारीक की केसाच्या जाडीत चार हजार शेजारी शेजारी मावतील. प्रत्येक कणाला ते प्रथिन ओळखणारा चिमटा लावतो. कण सुटे असले की नळीतलं पाणी कोकम सरबतासारखं लाल दिसतं. रोगट पेशी सापडल्या की कण त्यांना जाऊन चिकटतात, दाटी होते आणि रंग जांभळा होतो. लाल म्हणजे ठीक, जांभळा म्हणजे दुर्बीण टाकून बघा. एवढंच.

इस्पितळाच्या डॉ. सलील दिघ्यांनी रोग सापडलेल्या बारा जणांचे नमुने दिले. बाराच्या बारा जांभळे. त्यातले तिघे तर अगदी सुरुवातीचे. पारेखसाहेब इतके खूश, की सेव-उसळ मागवली. शेजारीपाजारी विचारतात तेव्हा मी सांगते, सोन्याचं काम करते. सोनं कशात बुडवायचं ते सांगत नाही.

२२ ऑक्टोबर, सोमवार

आता निरोगी माणसं हवीत. दहा, पंचावन्नच्या पुढची. रोगी आनंदाने देतो, कारण त्याला गरज असते. धडधाकट माणसाकडे शौचाचा नमुना मागून बघावं. कालपासून चार जणांनी माझं नमस्काराचं उत्तर देणं बंद केलंय.

दिल्लीहून अनुदानाची समिती फेब्रुवारीत येणार. त्यांना पटलं तर पुढे हजार माणसांवर चाचणी. नाही पटलं तर गाळ्याला टाळं, मी पुन्हा कॉलेजात हात जोडायला. पारेखसाहेब म्हणाले, बेन, आपापल्या घरापासून सुरू करू. त्यांनी स्वतःची आई, सासरे आणि सोसायटीतले चौघे जमवले. दोघे डॉ. दिघ्यांचे काका. माझ्या वाट्याला दोन. एक माझी माहेरची आई. ती मास्तरांची मुलगी, तिला विज्ञानासाठी काहीही चालतं. दुसरे माझे सासरे.

सासरे म्हणजे फत्तेसिंहराव. आजोबा संस्थानच्या घोडदळात, स्वतः बाजव्याला रिफायनरीच्या सुरक्षाखात्यातून निवृत्त. अडुसष्ट वर्षांचे, पाठ अजून ताठ. ते जितकं कमी बोलतात तितकं घर जास्त घाबरतं. आमच्याकडे सुनेनं सासऱ्यांशी पोटाबिटाचं बोलायची पद्धत नाही. खरं तर चहा आणि वर्तमानपत्र सोडून कशाचंच बोलायची नाही. जे काय असेल ते सासूबाईंमार्फत. लग्नाला बारा वर्षं झाली, मीही आता त्याला सरावलेय.

लहरीपुऱ्यातून नव्या कोऱ्या डब्या आणल्या. सातव्या डबीवर चिठ्ठी लावली: ७, पु., ६८. डबी आणि संमतीचा कागद सासूबाईंच्या हातात दिला आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी डबी पदराखाली घेतली. विचारलं, "नाही म्हणाले तर?"

मी म्हटलं, आई, ते तुम्हाला कधी नाही म्हणालेत?

२५ ऑक्टोबर, गुरुवार

बहु सरस. सकाळी मागच्या पायरीवर डबी, वर्तमानपत्रात गुंडाळून दोरा बांधलेली. शेजारी कागदावर सासऱ्यांची झोकदार सही. मी सासूबाईंना म्हटलं, तुम्ही म्हणजे कमालच केलीत. त्या लाजल्या.

रणवीरचा विश्वासच बसेना. म्हणाला, बाबांनी? तुझ्या कामाबद्दल त्यांना भलताच आदर दिसतोय. मी दिवसभर त्याच तोऱ्यात होते.

३ नोव्हेंबर, शनिवार

नऊ नळ्या लाल. सातवी जांभळी.

अगदी स्पष्ट जांभळी. मी काच दोनदा पुसली, खिडकीपाशी नेली. पारेखसाहेबांनी चष्मा काढून पाहिली, लावून पाहिली. मग म्हणाले, काच नीट धुतली नसेल. माझी काच! मी अम्लराजात, सोनंही विरघळवणाऱ्या आम्लात धुते, चार पाण्यातून काढते. पण त्यांना काय बोलणार. कण नव्याने करते.

सासरे सकाळी कमाटी बागेला तीन फेऱ्या मारून आले आणि सहा पोळ्या जेवले. त्यांना काही झालंय असं मला वाटत नाही. चूक आमचीच असणार.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी झाली. या वर्षी चकल्या विकतच्या. सासूबाई म्हणाल्या, सोऱ्या दाबवत नाही गं हल्ली. ओवीला, म्हणजे माझ्या लेकीला, आजीच्या चकल्या नाहीत म्हणून रडू आलं. दहा वर्षांची आहे, पण चकल्यांच्या बाबतीत तिचं वय कमी होतं. मीही मनातून जरा वैतागलेच. मी नोकरी करते हे घर मान्य करतं ते सासूबाई स्वयंपाकघर सांभाळतात या बोलीवर, आणि हल्ली त्यांचं लक्ष नाही. साडेनऊची पोळी दहाला मिळते. तोवर मी स्कूटर काढून उभी.

नवे कण झाले. उरलेला नमुना पुन्हा तपासला. सातवी जांभळी.

१३ डिसेंबर, गुरुवार

घरी लग्नाची गडबड. सासऱ्यांचे जुने सोबती गणपतराव, त्यांच्या नातवाचं लग्न डभोईला. सासरे आज दुपारीच फेटा, कोट सगळं घेऊन गेले, परवा येतील. सासूबाई गेल्या नाहीत, बसचा प्रवास नको म्हणाल्या. कपाटातून ब्लाऊज काढत होत्या. चार ब्लाऊज आत घ्यायला शिंपिणीकडे द्यायचे आहेत म्हणे. मी म्हटलं, वा, आम्ही पैसे भरून व्यायामशाळेत जातो आणि तुम्ही घरबसल्या बारीक.

गाळ्यात दहाही जणांचे नमुने उद्या नव्याने घ्यायचे ठरलंय. डबी सासूबाईंना देऊन ठेवली.

१४ डिसेंबर, शुक्रवार

डबी सकाळी साडेसहाला पायरीवर तयार, दोऱ्यासकट. या बाबतीत आमच्या घरासारखं शिस्तीचं घर नाही. पारेखसाहेबांच्या सोसायटीतल्या चौघांपैकी दोघांनी अजून दिलेली नाही.

स्कूटरचं पुढचं चाक निजामपुऱ्यातच बसलं. नमुना पिशवीत, बर्फ वितळतोय, आणि मी पंक्चरवाल्यासमोर. त्याने विचारलं, बेन, आइस्क्रीम छे? मी हो म्हटलं.

१७ डिसेंबर, सोमवार

नऊ लाल. सातवी जांभळी. आधीपेक्षा गडद.

पारेखसाहेबांनी नळी जागेवर ठेवली. मग म्हणाले, "अहल्याबेन, आ सात नंबर आपणने मारी नाखशे." हा सात नंबर आपल्याला मारणार. समितीसमोर दहात एक निरोगी माणूस जांभळा दाखवायचा म्हणजे लाखात दहा हजार धडधाकट माणसांच्या पोटात दुर्बीण घालायची. कोण उभं करणार आपल्याला?

मला पहिल्यांदाच दुसरी शक्यता बोलून दाखवावी लागली. सातवा निरोगी नसेल तर?

१५ जानेवारी २००८, मंगळवार

काल उत्तरायण. गच्चीवर सगळा निजामपुरा, उंधियू, जिलबी, लाउडस्पीकर. सासऱ्यांनी सात पतंग काटले. मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. रंग तुकतुकीत, भूक चांगली. पण रोग बाहेर दिसत नाही, हे मीच वहीत पहिल्या दिवशी लिहिलंय. हातातली जिलबी ताटात परत ठेवली.

सासूबाई गच्चीवर आल्याच नाहीत. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिल्या. धाप लागते म्हणे. मी ताट खाली नेऊन दिलं आणि म्हटलं, उत्तरायणाला गच्चीवर न येणारा बडोदेकर मी पहिलाच पाहिला. त्या हसल्या. उंधियूतलं एक रताळं खाल्लं, बाकी ओवीला दिलं.

१९ जानेवारी, शनिवार

डॉ. दिघ्यांना भेटले. ते म्हणाले, वाद कशाला, दुर्बीण टाकू, पंधरा मिनिटांचं काम. प्रश्न असा की फत्तेसिंहरावांना सांगायचं कोणी आणि काय. मी सांगणं शक्य नाही. रणवीर म्हणाला, खरं कारण सांगितलं तर बाबा घाबरणार नाहीत, पण चिडतील, आणि चिडले की संपलं. शेवटी ठरलं, की कंपनीतर्फे घरच्या वडीलधाऱ्यांची तपासणी असते असं सांगायचं. डबीचं नावही काढायचं नाही.

सासूबाईंना मात्र खरं सांगितलं. बाबांच्या डबीत शंका आली आहे म्हटलं. त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला.

"त्यांना काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगते ना."

मी म्हटलं, आई, असं आपल्या सांगण्यावर नसतं. त्या पुन्हा म्हणाल्या, अगं पण ऐक तर. मला गाळ्यावर जायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही आता आडव्या येऊ नका, त्यांच्या भल्याचंच आहे. मग त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या. नवऱ्याचं दुखणं कोणत्या बाईला ऐकवतं? पण इतक्या ठामपणे नाही म्हणणं हा अडाणीपणा झाला. मला राग आला तो आला.

२ फेब्रुवारी, शनिवार

सासऱ्यांनी काल दिवसभर ते पोट साफ करायचं औषध घेतलं. दोन लिटर. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आज इस्पितळात पाठीमागून उघडा असणारा झगा घालायला लागला, तेव्हा मात्र रणवीरला म्हणाले, तुझ्या बायकोला सांग बाहेर बस.

सासूबाई माझ्याशेजारी बाकावर. पंधरा मिनिटांत डॉ. दिघे बाहेर आले. आतडं आरशासारखं स्वच्छ. साधी गाठसुद्धा नाही. मला इतकं हलकं वाटलं, की मी सासूबाईंचा हात धरला. बर्फासारखा गार होता. त्या म्हणाल्या, मी म्हटलं नव्हतं?

घरी येईपर्यंत मला आनंदच होता. जेवताना लक्षात आलं, की सासरे निरोगी आहेत याचा अर्थ माझी चाचणी खोटी आहे. चार वर्षं मी जे केलं ते खोटं आहे.

४ फेब्रुवारी, सोमवार

पारेखसाहेबांनी आकडे मांडले. जांभळ्याची रेघ वर सरकवली, म्हणजे जरा जास्त गडद झालं तरच रोग मानला, तर सातवा सुटतो. पण त्याबरोबर सुरुवातीचे ते तीन रोगीही सुटतात. आणि तेच तर पकडायचे होते. ज्यांना उशीर झालाय त्यांना शोधायला सोनं कशाला हवं?

ते म्हणाले, सातवा काढून टाकू का? दहाऐवजी नऊ दाखवू. विचारताना माझ्याकडे बघत नव्हते. मी नाही म्हटलं. त्यांनीही लगेच मान हलवली. चांगला माणूस आहे. समिती पंचवीसला येणार आहे, त्यांना आहे तसं सांगायचं आणि गाळा आवरायला घ्यायचा.

मी दुपारी बाथरूममध्ये जाऊन रडले. हे लिहायला लाज नाही.

६ फेब्रुवारी, बुधवार

हे आजच लिहिते.

मन नव्हतं म्हणून चार वाजताच घरी गेले. सासूबाई एकट्या, पापडी निवडत बसलेल्या. माझा चेहरा बघून विचारलं, काय झालं. मीही बसले आणि सगळं सांगितलं. चाचणी फसली, धडधाकट माणसाला रोगी म्हणते, गाळा बंद होणार, मी पुन्हा कॉलेजात अर्ज करणार. सांगता सांगता मीही पापडी सोलत होते.

त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"तुझी चाचणी खोटी नाही," त्या म्हणाल्या. "ती डबी माझी होती."

मला कळेना. त्या खाली बघून सांगत गेल्या. सासऱ्यांनी कागदावर सही केली, कारण बायकोनं पुढे ठेवलेल्या कागदावर ते न वाचता सही करतात. पण डबी बघितली आणि म्हणाले, हे असलं आपल्या घराण्यात होणार नाही, परत विचारू नकोस. आता सुनेनं विश्वासानं दिलेली डबी रिकामी परत द्यायची, नवऱ्यानं आपला शब्द मोडला असं तोंडाने सांगायचं, हे त्यांच्याच्याने होईना. माणूस तो माणूस, निरोगी कुणाचं का असेना, असा विचार केला आणि स्वतःची भरली. दोन्ही वेळा स्वतःचीच.

मी विचारलं, मग बाबांची दुर्बीण करताना का नाही बोललात?

"दोनदा तोंड उघडलं. तू घाईत होतीस." मग म्हणाल्या, "वाटलं, त्यांचं स्वच्छ निघालं की विषय संपेल. माझं काय, बासष्ट झाली. पण तुझं काम खोटं ठरायला नको गं."

त्यांना जांभळ्याचा अर्थ माहीत होता. मीच समजावून सांगितला होता, डबी देताना. गेले अठरा दिवस त्यांना ठाऊक होतं, की शंका कुणाच्या पोटात आहे. त्या सगळ्यांसाठी स्वयंपाक करत होत्या, आणि मी पोळीला उशीर होतो म्हणून स्कूटरचा हॉर्न वाजवत होते.

७ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही पहिल्यापासून वाचली. चकल्या. ब्लाऊज. जिन्याची पायरी. तेरा डिसेंबरला सासरे डभोईला गेले असं मी लिहिलंय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची डबी पायरीवर तयार होती असंही मीच लिहिलंय. वर शिस्तीचं कौतुक. प्रयोगवही असती तर पहिल्या वर्षाच्या पोरीनंही ही चूक पकडली असती.

मी जगभरच्या आतड्यांतल्या पेशी शोधत होते आणि रोज समोर बसून मला वाढणाऱ्या बाईच्या नखांचा रंग पाहिला नाही. आज पाहिला. कागदासारखी पांढरी आहेत. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसात. विचारलं तर म्हणाल्या, चार महिने इसबगोल घेतेय, उष्णता झालीय वाटलं.

सासऱ्यांना रणवीरने सांगितलं. ते उठून बागेत गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

दुर्बीण झाली. उजव्या बाजूला दोन सेंटिमीटरची गाठ. डॉ. दिघ्यांनी तुकडा घेतला. म्हणाले, दिसायला कॅन्सरच, पण लवकर सापडलीय असं वाटतं. वाटतं म्हणाले. मला असल्या शब्दांचा आज पहिल्यांदा राग आला, एरवी मी स्वतःच वापरते.

सासूबाईंनी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर तुझ्या साहेबांना कळवलंस का.

१६ फेब्रुवारी, शनिवार

तुकड्याचा निकाल: कॅन्सर. पारेखसाहेबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, बेन, मला आनंद झाला आणि त्याची मला लाज वाटतेय. मी म्हटलं, मलाही, दोन्ही.

२० फेब्रुवारी, बुधवार

शस्त्रक्रिया झाली. अडीच तास. सासरे बाकावर ताठ बसून होते, पाठ भिंतीला टेकवली नाही. चहा आणला तो तसाच गार झाला. मी शेजारी बसले होते. बारा वर्षांत इतका वेळ शेजारी कधी बसलो नव्हतो.

२५ फेब्रुवारी, सोमवार

समिती आली. तिघे. सकाळी त्यांच्याआधी पोचून प्रयोगवही उघडली. सात नंबर, पु., ६८. त्यावर एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं: स्त्री, ६२. सही, तारीख.

त्यांनी पहिलं बोट तिथेच ठेवलं. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. दोघे वही चाळत राहिले. तिसऱ्या बाई मात्र चांगल्याच बरसल्या. घरचे नमुने घेतलेतच का, तेही हातोहात, कोणी भरले याची खात्री न करता? एवढ्या शिकलेल्या बाईला हे सुचू नये? बरोबर बोलल्या. मी एका शब्दाने उलट बोलले नाही, हे रणवीरला सांगितलं तर तो मानणार नाही.

जाताना त्याच बाईंनी हळूच विचारलं, तुमच्या सासूबाई कशा आहेत?

४ मार्च, मंगळवार

अंतिम निकाल आला. गाठ आतड्याच्या भिंतीपलीकडे गेलेली नाही. आसपासच्या लसिकाग्रंथी चौदा तपासल्या, चौदाही स्वच्छ. केमोची गरज नाही. डॉ. दिघे म्हणाले, आणखी वर्षभर इसबगोल घेतला असता तर ही भाषा मी बोललो नसतो.

मी कागद तीनदा वाचला आणि मग सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या पापड भाजलेला हात माझ्या केसांवरून फिरवत होत्या. त्यांना स्वयंपाकघरात जायला कोणी परवानगी दिली, हे विचारायचं राहिलं.

१७ एप्रिल, गुरुवार

दिल्लीचं पत्र आलं. सरळ होकार नाही. पुन्हा चाळीस निरोगी माणसांवर करा, पण नमुने इस्पितळामार्फत, तिऱ्हाइताच्या समोर, आणि काम करणाऱ्यांच्या घरचा एकही माणूस चालणार नाही. पारेखसाहेबांनी सेव-उसळ मागवली.

काल रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं होतं. सासऱ्यांनी ऐकलं असं वाटलं नव्हतं.

आज सकाळी स्कूटर काढताना ते मागच्या दाराने आले. धोतर, कोट, पायात बूट. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, दोरा बांधलेला. आजवर ते माझ्यासमोर असे सरळ येऊन उभे राहिले नव्हते.

"सूनबाई, ही माझी," ते म्हणाले. "स्वतःची."

घरच्यांचे चालत नाहीत, हे त्यांनी ऐकलंच नव्हतं बहुतेक, किंवा ऐकून आणली. मी डबी घेतली. मग म्हटलं, आता बोलायचंच तर सगळं बोलू. म्हटलं, बाबा, तुम्ही तेव्हा दिली असती तर आईंची कधी तपासलीच गेली नसती.

हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. इतके दिवस ते फक्त आपला नकारच मनात घेऊन बागेत फेऱ्या मारत होते.

"मग मी केलं ते बरोबर म्हणतेस?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "चुकलंच तुमचं. आणि माझंही."

त्यांनी मान हलवली. मग पुढे होऊन फाटक उघडून धरलं, मी स्कूटर बाहेर काढेपर्यंत.

गाळ्यावर सगळ्यात आधी तीच डबी घेतली. नळी लाल राहिली. प्रयोगवहीत याची नोंद करता येत नाही, म्हणून इथे करते: फत्तेसिंहराव, पु., ६८. लाल. सही, तारीख.